मालकांचं इंजिन

४ मार्च, मंगळवार

भंगारवाला येऊन इंजिन बघून गेला. मुलाने बोलावला होता. मला विचारायची पद्धत या घरात कधी नव्हती, मला उचलायच्या दिवशीही नसेल. म्हणतो, आई, शेडमध्ये गाडी लावायची आहे, ते धूड किती दिवस सांभाळायचं? मी कुठे सांभाळलं? मी तर त्याच्याकडे पाठ करून कपडे वाळत घालते.

भंगारवाल्याने इंजिनाला लाथ मारून बघितली. टायरला मारतात तशी. मग अंगठा धरून पायरीवर बसला! बरं झालं.

मालक, म्हणजे आमचे हे, खिडकीतल्या खुर्चीत बसून सगळं बघत होते. तोंड एका बाजूला ओघळलेलं, उजवा हात मांडीवर ठेवलेला — ठेवलेला म्हणजे मीच ठेवलेला. बोलले काही नाहीत. अर्धांगाचा झटका आल्यापासून बोलतच नाहीत.

मी भंगारवाल्याला म्हटलं, पुढच्या महिन्यात ये. मुलाला म्हटलं, आधी ते मी चालू करणार, मग तुझं काय ते बघ.

मुलगा हसला. सून हसली नाही. मान खाली घालून शेंगा सोलत राहिली. तेच जास्त लागलं.

५ मार्च, बुधवार

सुनेने विचारलं, या वयात हे कशाला काढलंत? म्हटलं, हात शिवशिवतात. खरं कारण तिला सांगून काय करू. ती या घरात आली तेव्हा गिरणी बंद पडून जमाना झाला होता. इथे लिहिते. कागद मध्ये बोलत नाही.

गिरणी याच शेडमध्ये होती. इंजिन मालकांचं. लग्नाच्या आधीपासूनचं, म्हणजे माझ्यापेक्षा जुनं नातं. धान्य मी मापायचे, जात्यात मी ओतायचे, दगडाला छिन्नीने टाकी मी लावायचे, पीठ मी भरायचे, सांडलेलं मी झाडायचे आणि पापण्यांसकट पांढरी होऊन जेवायला बसायचे. पण इंजिनाला हात नाही. पुसायलासुद्धा नाही. मालकांची एक रीत होती — संध्याकाळी गिरणी बंद केली की इंजिनाचं नोझल काढायचं. बोटाएवढा तुकडा, त्यातून तेल फवारा होऊन आत जातं. तो नसला की इंजिन म्हणजे नुसतं लोखंड. ते चिंधीत गुंडाळून घरात आणायचे, उशीखाली ठेवून झोपायचे. का, तर त्यांच्यामागे कुणी इंजिन चालू करू नये. कुणी म्हणजे कोण? घरात मी आणि पाळण्यातलं पोर. पोर तर नक्कीच करणार नव्हतं. नवी नवरी मी, आणि उशीला डिझेलचा वास.

मग एका सकाळी इंजिन चालू करायचं हँडल मारताना ते उलटं फिरलं. मालकांचा हात मनगटाच्या वर मोडला. लोक दळणाच्या पिशव्या घेऊन रांगेत उभे. मी म्हटलं, तुम्ही खुर्चीवर बसून सांगा, मी करते. तर सगळ्यांसमोर म्हणाले, ‘हिला नट कुठला नि बोल्ट कुठला कळतं का? चाकात वेणी अडकवून मरेल.’ लोक हसले. मीपण हसले. ते आठवलं की अजून कान तापतात.

दुसऱ्या दिवशी नोझल गायब. इंजिनावर नाही, उशीखाली नाही. विचारलं तर म्हणाले, गिरणी बंद. हात बरा झाला तरी बंदच. पुढे ते गोदामावर रखवालदार झाले. मी इस्पितळाच्या धोबीखान्यात लागले. कुणाकुणाच्या रक्ताच्या चादरी सोड्याच्या उकळत्या पाण्यात. माझ्या बोटांकडे बघा, नखं आहेत का धड एकाला तरी. आणि शेडमध्ये इंजिन गंजत पडलेलं, रोज येता-जाता दिसायचं.

मला एवढंच कळायला हवं — मला ते जमलं असतं की नसतं. चालू झालं तर इतकी वर्षं उगाच गेली. नाही झालं तर हा माणूस खरा ठरला. दोन्हीकडून मार मलाच आहे. तरी कळायला हवं.

७ मार्च, शुक्रवार

इंजिन उघडायला घेतलं. पाणी भरायच्या टाकीत उंदरांनी पिढ्यान्‌पिढ्या संसार केलेत. चिंध्या, दोऱ्या, एका मोज्याचा अर्धा भाग. तो मोजा माझा! मी मुलावर आळ घेतला होता.

नाक्यावरच्या लेथवाल्याला बोलावलं, वरचं झाकण एकटीला उचलेना. मोठ्या पोटाचा, चष्मा कायम कपाळावर, आणि चष्मा कुठे गेला म्हणून कायम शोधत असतो. म्हणाला, ‘आजी, तुमच्या वयाचे लोक गुडघ्याला तेल लावतात, तुम्ही पिस्टनला लावताय.’ म्हटलं, तुझी आजी गेली कधीच, मला मावशी म्हण. झाकण काढलं तर पिस्टन आतल्या आत धरून बसलेलं. घणाने हलणार नाही म्हणाला. तेल आणि रॉकेल ओतून ठेवा, आणि वाट बघा.

वाट बघायला मला कुणी शिकवायची गरज नाही.

मालकांची खुर्ची मी मुद्दाम आणखी खिडकीला लावली. बघा म्हटलं. नट कुठला, बोल्ट कुठला, बघत बसा.

१० मार्च, सोमवार

पिस्टन हललं नाही.

११ मार्च, मंगळवार

नाही हललं. शिव्या घालून बघितल्या. ज्या येत होत्या त्या सगळ्या.

१३ मार्च, गुरुवार

बोलायला शिकवणारी बाई आली होती. मी तिला आ-ऊ बाई म्हणते, कारण ती मालकांपुढे बसून आ करते, ऊ करते, आणि मालक तिच्याकडे बघतात जसं काही तिलाच झटका आलाय. चित्रं दाखवते. हा कप, हे घर, हा घोडा. आता या माणसाला घोडा म्हणून काय करायचंय?

जाताना मला म्हणाली, जीभ ठीक आहे त्यांची. शब्द सापडत नाहीत डोक्यात. आला तर एखादा येईल आणि मग तोच तोच येईल, सगळ्या गोष्टींना तोच. ‘तुम्ही घाबरू नका,’ म्हणाली. मी कशाला घाबरू. माझ्याशी एका वेळी एकच शब्द बोलायची सवय त्यांना आधीपासून आहे.

सुनेची तक्रार — भाताला रॉकेलचा वास येतो. येतो, खरं आहे.

१५ मार्च, शनिवार

हललं! पिस्टनवर लाकूड ठेवून रोज थोडं थोडं ठोकत होते. आज ठोकलं तर आवाज बदलला. ढप्प होता, तो पोकळ झाला. चाक धरून झोके दिले तर केसभर सरकलं. मग बोटभर. कपाळ चाकाला टेकून उभी राहिले जरा. घाम होता म्हणून.

वर बघितलं तर मालक खिडकीत पुढे वाकलेले. डावा हात खुर्चीच्या काठावर घट्ट. मी चाक हलवून दाखवलं. त्यांनी तोंड फिरवलं.

१८ मार्च, मंगळवार

आता गाडं नोझलवर अडलं. लेथवाला म्हणतो, या इंजिनाचं नोझल आता बनत नाही. दुसऱ्या इंजिनाचं बसवून बघितलं, बसलं नाही. जुनंच शोधा म्हणाला. त्याला काय जातंय सांगायला!

सगळं घर उपसलं. पेट्या, फळ्या, माळा, मालकांचे जुने बूट. मुलगा ऑफिसातून आला तर बसायला जागा नाही. म्हणाला, ‘आई, बास झालं आता. बाबांनी फेकून दिलं असेल.’ म्हटलं, तुझ्या बाबांनी आयुष्यात एक फेकून दिली ती मी. लोखंडाचा तुकडा ते फेकणार नाहीत.

२० मार्च, गुरुवार

आज त्यांच्याशी खेळले. लपवलेली वस्तू शोधताना पोरं खेळतात तसं. त्यांच्यासमोर एकेक वस्तू आणून धरायची आणि चेहऱ्याकडे बघायचं. अर्धा चेहरा गेलाय, पण अर्धा आहे की! घड्याळ आणलं — काही नाही. दाढीचा डबा — काही नाही. उशी फाडून दाखवली, कापूस खोलीभर. नाही. हुशार माणूस, डोळेच मिटून घेतले. मी पण बघत राहिले. डोळे मिटले तरी डावा पाय बोलतो त्यांचा. खोटं बोलताना अंगठा वर व्हायचा, आधीपासून.

रखवालदारीची खाकी पेटी उघडली आणि अंगठा वर! शिट्टी काढली, पट्टा काढला. मग बॅटरी. ती जुनी पत्र्याची लांब बॅटरी. त्या बॅटरीवरून मी आयुष्यभर भांडले. कधी पेटायची नाही, आणि सेल घालू द्यायचे नाहीत. न पेटणारी बॅटरी घेऊन हा माणूस कामावर जायचा. मी म्हणायचे, चोर आला तर काय फेकून मारणार?

मागचं झाकण उघडलं. आत चिंधी. चिंधीत नोझल.

मालकांच्या नरड्यातून आवाज आला, घोगरा. शब्द नाही. मी म्हटलं, आता ओरडा.

२१ मार्च, शुक्रवार

झोप आली नाही नीट. चिंधी ओली होती. तेलाने. तेल ताजं. म्हणजे झटका येईपर्यंत हा माणूस ते पुसत होता, नवी चिंधी, नवं तेल. माझ्या बोटांना कधी कुणी विचारलं नाही, की बाई, सोड्याने फाटली आहेत, तेल लावू का? आणि त्या तुकड्याला इतकी वर्षं न चुकता!

लेथवाल्याने नोझल पंपाला लावून बघितलं. चर्र करून बारीक धूर उडावा तसा फवारा. ‘मावशी, काल काढल्यासारखं आहे,’ म्हणाला. त्याला आनंद झाला. मी नोझल घेऊन घरी आले आणि दोन पोळ्यांच्या वर जेवले नाही.

२४ मार्च, सोमवार

पिस्टनच्या रिंगा सोडवल्या. व्हॉल्व्ह घासून बसवले. वॉशर नवा कापला. लेथवाला नट आवळायला आला तेव्हा म्हटलं, नको, मला सांग, मी आवळते. समोरासमोरचे आवळायचे, एका ओळीत नाही, नाहीतर झाकण वाकडं बसतं. हे मला माहीत होतं! कधी कुणी सांगितलं नव्हतं, पण पीठ भरताना डोळे काय झाकून बसायचे मी? मालक कुठला नट आधी आवळतात ते मला पाठ आहे. मालकांना माहीत नाही की मला पाठ आहे.

नातीचा हॉस्टेलवरून फोन. आजी, तू इंजिन दुरुस्त करतेस? मैत्रिणींना सांगितलं तर विश्वास बसत नाही त्यांचा. म्हटलं, मैत्रिणींचं राहू दे. घरातल्यांचा बसला की पुरे.

२७ मार्च, गुरुवार

पहिल्यांदा हँडल मारलं. आधी दाब सोडायची दांडी वर करायची, चाकाला वेग द्यायचा, आणि दांडी खाली पाडायची. वेगच येईना. पुन्हा. पुन्हा. फुस्स. शेवटी हातातून निसटून बसकण मारली जमिनीवर. कमरेत चमक भरली. मुलगा धावत आला, उचललं, बडबडला, आणि हँडल घेऊन गेला. गाडीच्या डिकीत टाकून कुलूप लावलं.

‘हात मोडून घ्यायचाय का बाबांसारखा? हे तुझं काम नाही, आई.’

मालकांसारखाच उभा होता. कमरेवर हात, हनुवटी वर. चेहरासुद्धा तोच. बोलून झालंय माझं या बाबतीत, याच्या जन्माच्या वेळेपासून.

२८ मार्च, शुक्रवार

सकाळी मुलगा आंघोळीला गेला तेव्हा सुनेने हँडल आणून ओट्यावर ठेवलं. लाटण्याच्या शेजारी. आजची भाजी मी निवडली, न सांगता.

३० मार्च, रविवार

चालू झालं.

अक्षर वाकडं येतंय, येऊ दे. कंबर बांधून घेतली होती ओढणीने. वेणी आत खोचली. पहिले दोन झटके फुकट. मग म्हटलं, अंगाने नाही ढकलायचं, वजन टाकायचं, जसं धोबीखान्यात पिळायच्या यंत्राचा दांडा ओढायचे. वेग आला. दांडी पाडली. ढुक. ढुक. गप्प. मग ढुक, ढुक, ढुक आणि काळा भपकारा छतापर्यंत, आणि मग ते लागलं की हो आपल्या तालाला! जमीन हलते पायाखाली. विसरलेच होते मी, पायाच्या तळव्यांना कसं वाटतं ते.

सून दारात पिठाच्या हाताने उभी. मुलगा टॉवेलवर. शेजारची सगळी गॅलरीत. मी कुणाकडे बघितलं नाही, खिडकीकडे बघितलं.

मालक उभे होते. एकटे, कठड्याला धरून, उभे! तोंड उघडलं, वाकडं झालं, आणि शब्द आला. झटक्यानंतरचा पहिला शब्द. स्पष्ट, सगळ्यांनी ऐकला.

‘बंद.’

३१ मार्च, सोमवार

बंद! म्हणजे बघा. इतके दिवस आ नाही, ऊ नाही, कप नाही, घोडा नाही. आणि वाचा फुटली तर काय म्हणून, बंद. ‘बरं चाललंय’ नाही, आश्चर्य नाही, माझं नाव तर दूरच. मेंदूतले सगळे शब्द वाहून गेले, मला अडवायचा तेवढा शिल्लक राहिला.

आ-ऊ बाईला फोन करून सांगितलं तर ती रडायचीच बाकी होती. म्हणे, फार मोठी गोष्ट आहे! त्या आवाजाने मेंदू जागा होतोय, रोज चालवा, रोज बोलवा. घरातले खूश. मुलगा बाबांच्या खांद्यावर थोपटतो, ‘म्हणा बाबा, बंद.’ आणि बाबा म्हणतात, बंद. टाळ्या.

मीपण खूश. रोज चालवा म्हणालेत ना? औषध आहे.

२ एप्रिल, बुधवार

रोज नाश्ता झाला की चालवते. आता दुसऱ्या-तिसऱ्या झटक्यात लागतं. शेजारून उभी राहते, हात चाकाच्या वाऱ्यात धरते. वारा छान येतो.

बंद. बंद. बंद. काठी आपटतात फरशीवर. आज तर डोळ्यांतून पाणी आलं. मुलगा म्हणतो, भावना अनावर झाल्या. मी म्हटलं, हो, झाल्या. कुठल्या ते मला माहीत आहे. बघवत नाही त्यांना. सगळ्या जगाला सांगितलं होतं, हिला जमणार नाही. आता खिडकीत बसवून रोज दाखवतेय. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटून बघितलं. वाटलं नाही.

भंगारवाला रस्त्यात भेटला, त्याला सांगितलं तुझा तू जा. मुलाने गाडीसाठी समोरची जागा बघितली.

४ एप्रिल, शुक्रवार

आज पट्टा चढवला. जातं जोडलं. दगडाला टाकी परवाच लावून ठेवली होती, हात विसरला नव्हता.

मालकांनी चहाचा कप खिडकीवर फेकला. डाव्या हाताने. काच तडकली. बंद, बंद, आणि आवाज असा की सून घाबरून त्यांच्याजवळ जाऊन बसली. मला म्हणाली, ‘आई, आज राहू द्या ना. त्यांना खूप त्रास होतोय.’ म्हटलं, मला झाला तेव्हा कुणी काय राहू दिलं?

दळण पडलं. पहिलं पीठ जाड आलं, मग जात्याचा दगड अर्धा फेरा खाली घेतला, मग बारीक. हातावर घेतलं तर गरम. अगदी तसंच गरम. पापण्या पांढऱ्या झाल्या.

जमलं असतं. हे आता माझं मला कळलंय, कुणी सांगायची गरज नाही. त्या सकाळी, लोक पिशव्या घेऊन उभे असताना, मला जमलं असतं. पोराला पोटभर मिळालं असतं, चादरी धुवाव्या लागल्या नसत्या, माझी नखं माझ्या बोटांवर असती. गिरणी चालली असती. मी चालवली असती. आणि ती वर्षं आता कुठल्या भंगारवाल्याकडे मागू?

मला वाटलं होतं, चालू झालं की बरं वाटेल.

५ एप्रिल, शनिवार

शेजारणी दळण घेऊन आल्या. गंमत म्हणून. एकीने विचारलं, आजोबांनी शिकवलं का तुम्हाला? मी तिचं दळण जाडंभरडं दळलं.

जोर पडला की आतून कुठेतरी टक् होतंय. प्रत्येक फेऱ्याला एकदा. बिनओझ्याचं चालताना नाही होत. सोमवारी होत नव्हतं, काल होत होतं, आज जास्त.

६ एप्रिल, रविवार

टक् वाढलं. लेथवाल्याला निरोप दिला. तो दूर लग्नाला गेलाय, मंगळवारी येतो म्हणाला. तोवर चालवू नका म्हणाला.

मी चालवलं. थोडंसं. बंद ऐकायची सवय झालीय.

मालक आज काठी घेऊन दारापर्यंत आले. पायऱ्या उतरू शकत नाहीत, तिथेच बसले उंबऱ्यावर, आणि जमिनीवरून सरपटत एक पायरी उतरले. मुलाने उचलून आत नेलं. मुलगा म्हणतो, बाबांना इंजिनाजवळ यायचंय, त्यांचा जीव आहे त्याच्यात. मी म्हटलं, त्यांना माझ्या हातातून हँडल काढून घ्यायचंय. जीव होता तो त्यातच.

त्यांच्या गुडघ्याला खरचटलं. मी हळद लावली. मी लावत असताना माझं मनगट धरलं त्यांनी, जोराने, आणि म्हणाले, बंद. हळू म्हणाले या वेळी. म्हटलं, नाही.

८ एप्रिल, मंगळवार

लेथवाला आला. इंजिन चालू करू दिलं नाही. भिंतीकडचं मोठं चाक हाताने हलवून बघितलं, मग ते सोडवून बाहेर काढलं, अंगणात आडवं टाकलं आणि खरवडलं. मध्ये, चाक दांड्यावर घट्ट बसावं म्हणून जिथे चावी, म्हणजे लोखंडी पाचर, ठोकतात तिथून, आऱ्यापर्यंत तडा. आजचा नाही. आत लांबी, रंगाऱ्यांची पुट्टी, भरलेली, घासून सपाट केलेली, वर रंग. ‘चावी घणाने ठोकून ठोकून चाक तडकवलंय कुणीतरी,’ म्हणाला. ‘मावशी, हे चालता चालता फुटलं असतं तर तुम्हाला गोळा करायला लागलं असतं. ज्याने लांबी भरली त्याला हे माहीत होतं.’

लांबी भरणारा खिडकीत बसला होता. इतके दिवस बंद, बंद म्हणत होता तो याच्यासाठी.

आपल्या हातून चाक तडकलं हे सांगण्यापेक्षा, बायको गाढव आहे हे सांगणं सोपं गेलं त्यांना. आणि जन्मभर पुरलं.

मी जाऊन समोर बसले. म्हटलं, ‘अहो, तेव्हा तर जीभ धड होती.’

त्यांनी अंगणातल्या चाकाकडे बघितलं. मग माझ्याकडे. बंद म्हणाले नाहीत.